पटावरचं वय

धामणपाड्याच्या शाळेत पुंजा मास्तर बावीस वर्षं होते, आणि या बावीस वर्षांत त्यांनी सगळ्यात जास्त काय केलं असेल तर पोरं मोजली. शिकवलं नंतर. आधी मोजली. पटावर वीस भरली तर शाळा, एकोणीस झाली तर कुलूप, असा शाळाखात्याचा दंडक. आणि वीसही कशी, तर सहा वर्षं पुरी झालेली. आता जामसरच्या वरच्या अंगाला, चाळीस झोपड्यांच्या पाड्यात सहा वर्षांवरची वीस पोरं शाळेत बसायला मोकळी कुठून सापडायची? सहा वर्षांचं पोर गुरांमागे जातं, नाहीतर धाकट्याला कडेवर घेऊन दिवस काढतं. मोकळी असतात ती चारची, साडेचारची, नाक पुसायची शुद्ध नसलेली. मास्तर तीच घ्यायचे.

घ्यायची रीत ठरलेली होती. पोराला उभं करायचं आणि उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाकडे न्यायला सांगायचं. बोटं कानाला लागली की पोर सहाचं. नाही लागली तर मास्तर हात जरासा ओढायचे, "लागला बघ," म्हणायचे आणि रजिस्टरात लिहायचे, वय वर्षे सात. सहा लिहिलं की तपासनीस साहेब पोराकडे निरखून बघतात, सात लिहिलं की पुढच्या नावाकडे वळतात, हे त्यांना अनुभवाने ठाऊक झालं होतं. आईबापांना त्याचं काही नव्हतं. डोंगरातल्या माणसाला पोराचं वय विचारा, तो जमिनीपासून हात वर धरून दाखवतो, एवढं. त्याला वर्षं कोण लावणार? मास्तरांनी लावली, आपल्या सोयीने लावली, आणि सही ठोकली.

हे खोटं होतं का? होतंच की. पण मास्तरांना कधी तसं वाटलं नाही, कारण त्यात कुणाचं वाकडं होत नव्हतं. शाळा चालत होती, त्यांचा पगार चालत होता, साहेबांचा अहवाल चालत होता. चार वर्षांची पोरं पाटीवर डोकं ठेवून झोपायची आणि त्यांच्या जिवावर मोठी आठ-दहा पोरं शिकायची. यात बिघडलं काय?

मास्तर स्वतः मोखाड्याकडचे, इंग्रजी हद्दीतले. तिथे मराठी शाळा संपवून नोकरीसाठी जव्हार संस्थानात आले ते इथलेच झाले. एक्कावन्न वर्षांचे, गुडघे गेलेले, आवाज बसलेला. घरी बायको बुधी, तिला एकच ध्यास, की चार वर्षं कशीबशी निघाली की पेन्शन लागेल. आणि मास्तरांनाही एकच ध्यास होता, पण तो ते बोलून दाखवत नसत. आपल्या हाताखालचं एक पोर, फक्त एक, जव्हारच्या इंग्रजी शाळेत जावं. बोर्डिंगसह सहा जागा होत्या तिथे, दर वैशाखात परीक्षा व्हायची. मास्तरांनी बावीस वर्षांत आठ पोरं नेली आणि आठही परत आणली.

नववा होता पोश्या.

पोश्या नवशीचा. बाप नाही, आई मोलमजुरी करणारी, लाकडं आणून विकणारी. पोरगा बारकुळा, केस कधी न विंचरलेले. बिगरीत असताना दोन वर्षं नुसता झोपला, आणि मग एकाएकी काय झालं कुणास ठाऊक, जागा झाला तो झालाच. मास्तरांनी पाढा सांगायला तोंड उघडलं की हा शेवटाला पोचलेला. अहो, शिकवून शिकवून थकलेल्या माणसाला असं पोर भेटणं म्हणजे शिक्षाच असते! निवांत बसता येत नाही. मास्तर चिडायचे, "जरा दम खा की रे!" आणि मग दुपारी त्यालाच घेऊन बसायचे.

परीक्षेची तयारी म्हणजे नुसतं शिकवणं नव्हे, हे मास्तरांना आठ पोरं परत आणल्यावर समजलं होतं. जव्हारच्या बाजारात अण्णा पेन्शनर म्हणून एक निवृत्त मास्तर होते. त्यांच्याकडे या परीक्षेच्या वीस वर्षांच्या प्रश्नपत्रिका दोऱ्याने बांधून ठेवलेल्या. कचेरीतल्या कारकुनांची, दुकानदारांची पोरं त्यांच्या ओटीवर वर्षभर त्याच सोडवत बसायची. यात चोरी नव्हती, लबाडी नव्हती. प्रश्न काढणारा माणूस कंटाळा करायचा आणि जुनीच गणितं आकडे बदलून घालायचा, एवढंच. ओटीवरच्या पोरांना ती ओळखीची आणि मास्तरांच्या पोरांना नवी. बस्स, तेवढ्यात बावीस वर्षं गेली.

दोन वर्षांपूर्वी मास्तर लाज गुंडाळून त्या ओटीवर गेले होते. अण्णा माणूस वाईट नव्हता. "बसा, उतरून घ्या," म्हणाला. "फक्त अलीकडच्या तीन वर्षांच्या देणार नाही. माझंही पोट आहे." मास्तरांनी दिवसभर मान खाली घालून उतरून घेतलं. चहाही मिळाला.

आणि ती गणितं पाड्यावर आली. आता गंमत बघा. पहिलंच गणित, एक आगगाडी मुंबईहून निघते, दुसरी तिच्यामागून. पोश्याने आगगाडी पाहिली नव्हती, आणि खरं सांगायचं तर मास्तरांनीही दोनदाच पाहिलेली. "मागली पुढलीला कशाला गाठते?" पोश्याने विचारलं. "रस्ता तर एकच हाय, ठोकर बसंल ना." मास्तर म्हणाले, बसत नाही, तू गणित कर. मग टाकी आली. एका नळाने चार तासांत भरते, दुसऱ्याने सहा तासांत रिकामी होते, तर दोन्ही नळ सुरू ठेवल्यास किती वेळात भरेल? पोश्याने पाटी खाली ठेवली. तेव्हा माघ संपून फाल्गुन लागलेला, पाड्याचा झरा आटत आलेला, बायका एका हंड्यासाठी अर्धा दिवस दगडावर बसून राहायच्या.

"मास्तर, दुसरा नळ सुरू ठेवणारा मानुस कोन?"

"कोणी का असेना."

"त्याला कोन काय बोलत नाय?"

मास्तर हसले, आणि मग त्यांना ओरडावंसं वाटलं, आणि मग काहीच वाटलं नाही. "शहाण्या, परीक्षेत असं विचारशील तर भोपळा मिळेल. बारा तास. कसं ते सांगतो." त्यांनी सांगितलं. पोश्याला ते लगेच उमजलं, पण त्या माणसाबद्दलचा राग काही त्याच्या मनातून गेला नाही. दोन वर्षं असं चाललं. रेल्वे, टाक्या, व्याज, कापडाचे वार, शुद्धलेखन. मास्तर शुद्धलेखन सांगताना मुद्दाम शहरी आवाज काढायचे, म्हणजे परीक्षेत कानाला सवय असावी. पाड्यातली माणसं कुडापाशी उभी राहून हसायची.

सन एकोणीसशे तीसच्या चैत्रात मास्तर दाखला लिहायला बसले. नाव, गाव, इयत्ता चौथी पास, वर्तणूक चांगली. मग वय. त्यासाठी त्यांनी रजिस्टर काढलं, बोट फिरवत पोश्याच्या ओळीवर आले, सात वर्षांपूर्वीचं आपलंच अक्षर वाचलं आणि बोटांवर हिशेब केला. मग परत केला. चौदा.

परीक्षेचा नियम, वय तेराच्या आत.

आपल्या कपाळाला हात लावून मास्तर तसेच बसून राहिले. दोन वर्षं या पोराला वजाबाक्या शिकवल्या आणि ही एक वजाबाकी आपल्याला सुचली नाही! आधीच्या आठ पोरांच्या वेळी हा प्रश्नच आला नव्हता, ती सगळी जरा मोठी होऊन पटावर आलेली आणि नियमही तेव्हा नव्हता, तो गेल्याच वर्षी झाला. पोश्या तर डोळ्यांना दिसतो दहा-अकराचा. पण कागदाला डोळे नसतात. आणि रजिस्टरात खाडाखोड करायची सोय नव्हती, दर वर्षी त्या पानावर तपासनीस साहेबांची सही होत आलेली.

नियमाखाली आणखी एक ओळ होती, ती मास्तरांनी दुसऱ्या दिवशी वाचली. वयाबद्दल शंका असल्यास जन्मपत्रिका ग्राह्य धरली जाईल. ग्राह्य म्हणे! जव्हारातल्या पोरांच्या पत्रिका पाळण्यातच होतात. एखाद्याची नसलीच तर गेल्या महिन्यात होते आणि हळदीचं बोट लावून जुनी दिसते. धामणपाड्यात आजवर कुणाची पत्रिका झाली नव्हती. तरी मास्तर उठले आणि नवशीकडे गेले.

नवशी दारात शेण कालवत होती. मास्तरांनी विचारलं, "नवशे, पोश्या कधी झाला ते आठवतं?"

"न आठवायला काय झालं?" ती हात न थांबवता म्हणाली. "मानमोडी आली ना, त्या साली. याचा बाप माघ्या त्यात गेला, नवरात्र सरलं तवा. पोटात हा सा महिन्यांचा. मी मग सूर्यमाळला आयसकडं गेली. पूस लागला, भात झोडून झालं. आदल्या सांजंला चांदाची पयली कोर दिसली. दुसऱ्या दिशी मोखाड्याचा बाजार. भाऊस कोंबड्या पाटीत घालीत व्हता, उरलेल्या सोडल्या, अन् हा आला." मग तिने हात थांबवला. "बापानं तोंड नाय पाहिलं याचं. का रं मास्तर?"

मास्तर मनात मोजत होते. मानमोडीची साथ अठरा सालची. म्हणजे पोरगा सव्वाअकरा वर्षांचा. त्यांना एकदम हलकं वाटलं. वर्ष सोडून या बाईला सगळं माहीत होतं, महिना, तिथी, वार, घटका. आणि वर्षही तिने सांगितलंच, फक्त आकड्यात नाही.

वैशाखात तिघे जव्हारला निघाले. नवशी येणार नव्हती, पण पत्रिका मांडायची तर जोशीबुवा विचारतील, म्हणून मास्तरांनी तिला घेतलं. पहाटे निघून दुपार टळता पोचले. बाजारातल्या जोशीबुवांनी आधी चष्म्यावरून बघितलं. डोंगरातल्या पोराची पत्रिका त्यांनी जन्मात केली नव्हती. पण नवशीने सांगायला सुरुवात केली तसे ते सरसावून बसले. जुनी पंचांगं काढली. अठराशे चाळीस शके, पौष शुद्ध तृतीया. वार बघितला. बाजाराचा वार जुळला. "वा!" बुवा म्हणाले. "अहो मास्तर, इथले लोक मला जन्मवेळ विचारली तर 'सकाळी कधीतरी' म्हणतात. ही बाई घटका सांगते!" त्यांनी पत्रिका मांडली, दक्षिणेबद्दल काही बोलले नाहीत, नवशीने आणलेली मधाची बाटली तेवढी ठेवून घेतली.

मास्तरांनी दाखल्यावर रजिस्टराप्रमाणे चौदा लिहिलं, दुसरं लिहिणार काय? आणि सोबत पत्रिका टाचली. शाळाखात्याच्या कारकुनाने दोन्ही कागद बघून भुवई उडवली. "परीक्षेला बसू दे," म्हणाला. "लागला यादीत तर वयाचं बघू. नाहीतर कशाला डोकेफोड?"

परीक्षेच्या दिवशी अण्णांच्या ओटीवरची अकरा पोरं एका रांगेत आली, सगळ्यांच्या टोप्या सारख्या. पोश्याला मास्तरांनी आपला जुना कोट घातला होता, तो गुडघ्यापर्यंत आलेला. अण्णांनी मास्तरांना हाक मारली, पोश्याच्या डोक्यावर टपली मारली, म्हणाले, "होऊन जाऊ दे." पोरं आत गेली. नवशी आणि मास्तर बाहेर सावलीत बसले. मास्तरांनी एवढ्या वेळा हा दिवस काढला होता, की त्यांना आता धडधड होईल असं वाटलं नव्हतं. पण झाली. दोनदा उठून पाणी पिऊन आले.

पोश्या बाहेर आला तो हसतच. "आगगाडी आली! मुंबईस्न सुटली अन् मी तिला कल्याणात गाठली."

"टाकी?"

"तीबी आली. नळ उघडा ठेवणारा तोच मानुस." तो आईकडे बघून म्हणाला, "भाकर दे."

तीन दिवसांनी यादी लागली, तोवर तिघे धर्मशाळेच्या पडवीत राहिले. सहा नावं होती. तिसरं पोश्या माघ्या, राहणार धामणपाडा. मास्तरांनी ते चारदा वाचलं. मग मागे सरकून दुसऱ्यांना वाचू दिलं आणि पुन्हा पुढे घुसून पाचव्यांदा वाचलं. बावीस वर्षं! त्यांना रडू आलं, भर बाजारात, धोतराच्या सोग्याने डोळे पुसायची वेळ आली. नवशीला अक्षर येत नव्हतं, तिने बोटाने विचारलं, कुठलं? मास्तरांनी दाखवलं. तिने यादीवर बोट ठेवलं आणि ते लगेच काढून घेतलं.

तेवढ्यात शिपाई आला. तपासनीस साहेब बोलावतात.

साहेबांच्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले होते, दाखला आणि पत्रिका. साहेब ओळखीचेच, दर वर्षी पाड्यावर येणारे, मास्तरांच्या झोपडीत नागलीची भाकर खाल्लेले. तेही थकलेले दिसत होते.

"अभिनंदन मास्तर. पोरगा तयार केलात." मग त्यांनी दोन्ही कागद पुढे सरकवले. "खरं कुठलं?"

"पत्रिका, साहेब."

"मलाही तेच वाटतं. पोराकडे बघितलं की कळतं." साहेबांनी दाखल्यावर बोट ठेवलं. "पण मग रजिस्टर खोटं. नाही का? आणि एकाचं खोटं तर बाकीच्यांचं खरं कशावरून? पत्रिका मान्य केली की मला तसं लिहावं लागणार. मग तुमच्या सगळ्या पटाची वयं तपासायची. मी इतकी वर्षं काही बोललो नाही, कारण कुणी विचारलं नाही. आता हा कागदच विचारतो आहे. खरं सांगा, सहा वर्षांवरची किती आहेत?"

मास्तरांनी खोटं बोलायचा विचार केला आणि कंटाळा आला. "हा धरून अकरा."

"आणि वीस लागतात."

"हो."

"म्हणजे शाळा जाईल. तुमचं काय होईल ते मी सांगत नाही, तुम्ही जाणता." साहेबांनी कपाळ चोळलं. "मी काही तुमच्यावर लादत नाही. पत्रिका ठेवा, पोरगा इथे राहील. दाखला ठेवा, शाळा राहील. दोन्ही मला ठेवता येत नाहीत. पोराच्या आईला बोलवा, तिचाही जबाब घ्यावा लागेल."

शिपाई नवशीला आणायला गेला. तेवढ्याच वेळात मास्तरांना ठरवायचं होतं. आणि खरंच सांगतो, त्या वेळात त्यांना थोर असं काही सुचलं नाही. आधी त्यांना ती दहा पोरं दिसली, शाळेला खरी लागणारी. त्यात धोंडी होता, गणितात बरा. फागूची पोर होती, नुकती वाचायला लागलेली. ती पुन्हा गुरांमागे जातील, आणि मग धामणपाड्यात शंभर वर्षं कुणी पाटी धरणार नाही. हे सगळं खरं होतं. पण त्याच्या मागे लगेच बुधी उभी राहिली, चार वर्षं, चार वर्षं म्हणत. आणि मग मास्तरांना कळेना, की आपण शाळा वाचवतो आहोत की पेन्शन. त्यांनी दोन्ही वेगळी करून बघायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

नवशी आत आली, दारापाशीच उभी राहिली.

"बाई, तुमचा मुलगा कधी जन्मला?" साहेबांनी विचारलं.

नवशीने सगळं पुन्हा सांगितलं. मानमोडी, पूस, चंद्राची कोर, बाजार, कोंबड्या. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. साहेब ऐकून मास्तरांकडे बघत राहिले.

"साहेब," मास्तर म्हणाले, "बाईची आठवण चुकते आहे. मानमोडीच्या आधीचा जन्म आहे. रजिस्टर बरोबर आहे."

नवशीने त्यांच्याकडे वळून बघितलं. ती रागावली नव्हती. तिला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "काय म्हनतोस, मास्तर?"

"अडाणी माणूस, साहेब. गोंधळतं," मास्तर म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता, शुद्धलेखनासाठी काढायचे तसा शहरी. "वय अधिक आहे, तसंच लिहा."

साहेबांनी लिहिलं. मास्तरांनी सही केली. नवशीकडून अंगठा घेतला, तिने शिपायाने धरला तसा दिला. पत्रिकेचा कागद साहेबांनी तिच्या हातात परत दिला. बाहेर येईपर्यंत यादीतलं तिसरं नाव खोडून खाली सातव्याचं लिहिलेलं होतं.

परतीच्या वाटेवर पहिला कोस नवशी पुढे, मास्तर मागे. पोश्या मागून येत होता. जागा गेली, वय जास्त झालं, एवढं मास्तरांनी त्याला सांगितलं होतं, आणि त्याने का म्हणून विचारलं नव्हतं. ऊन मी म्हणत होतं. चढ लागला तसे मास्तरांचे गुडघे बोलायला लागले आणि ते एका दगडावर टेकले. मग त्यांनी नवशीला सगळं सांगितलं. रजिस्टर, वीसचा नियम, शाळा बंद होणं. पेन्शनचंही सांगितलं, लपवलं नाही. तिने ऐकून घेतलं.

"बाहेर येऊन मना इचारायचं व्हतंस," ती म्हणाली. "शाळा जाईल म्हनून सांगायचं. मी म्हनली असती, ठेव शाळा. पोऱ्या माझा हाय, मी सोडला असता. पन मना साहेबापुढं खोटी का पाडलंस? माझं मानुस मेलं ती साल मी इसरंन?"

मास्तरांना विचारायचं सुचलंच नव्हतं, हे खरं उत्तर होतं. डोंगरातल्या बाईला काय विचारायचं, असं त्यांना वाटलं होतं, त्यांना, जे स्वतः डोंगरातलेच होते. "चुकलं माझं," ते म्हणाले. नवशीने डोक्यावरचं गाठोडं सारखं केलं आणि पुढे चालू लागली. मास्तरही उठले.

तेवढ्यात पोश्या पळत पुढे आला. इतका वेळ तो मनात काहीतरी मांडत होता, ते सुटलं होतं. गणित सुटलं की त्याचा चेहरा उजळायचा तसा उजळला होता.

"मास्तर, मी चौदाचा ना? मंग मानमोडीला बारा वर्सं झाली. चौदातून बारा गेली, दोन. बाप मेला तवा मी दोन वर्सांचा व्हतो." तो आईकडे बघत म्हणाला, "म्हंजे बापानं मना पाहिलं व्हतं! कडंवर घेतलं आसल. आई, तू तर नाय पाहिलं म्हनत व्हतीस."

नवशी थांबली. तिने पोराकडे बघितलं नाही, मास्तरांकडे बघितलं, आणि वाट बघत उभी राहिली. वजाबाकी बरोबर होती. इतकी वर्षं अशा बरोबर उत्तरावर मास्तर "शाबास" म्हणत आले होते. आता नुसतं "हो" म्हटलं असतं तरी पोरगा धामणपाड्यापर्यंत उड्या मारत गेला असता. पण नवशी समोर उभी होती, आणि तिला एका दिवसात दुसऱ्यांदा खोटं पाडण्याची ताकद मास्तरांमध्ये उरली नव्हती.

"नाही रे," ते म्हणाले. "नाही पाहिलं. तुझी आई सांगते तेच खरं. तू अकराचाच आहेस. मी चुकीचं लिहिलं होतं."

पोश्याचा चेहरा पडला. मग त्याने मान वर केली, मागे जव्हारच्या दिशेने बघितलं आणि पुन्हा मास्तरांकडे.

"अकराचा हाय, तर मंग माझी जागा हाय ना?" तो म्हणाला. "अजून उजेड हाय. परत जायचं का?"

आणि तो खरंच वळून उभा राहिला. नवशीने पुढे होऊन पोराचं मनगट धरलं आणि त्याला घराकडच्या, जामसरच्या वाटेला लावलं.